चिंचोका हे नाव

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होता. गाडीची सीट ज्या लोखंडी पट्टीवर पुढेमागे सरकते, ती पट्टी दाबून काढायचे साचे असतात, त्यांची ड्रॉइंग्ज तो करायचा. मी भोसरीतल्या एका छपाईच्या कारखान्यात खोक्यांवरची लेबलं करते. दोघांचंही काम कॉम्प्युटरवरचं आणि दोघांचंही दुसऱ्यांच्या मालासाठीचं. आम्ही मिळून स्वतःचं असं एकच काही केलं, एक मोबाइल गेम, आणि त्याचं नाव आमच्या हातून गेलं. ही गोष्ट तोंडी सांगायला लागलं की लोक मध्येच म्हणतात, "मग नाव बदलायचं ना, त्यात काय एवढं?" त्यानंतर पुढचं सांगायची इच्छा राहत नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचं घर काळेवाडीत. वडील लातूरकडून पिंपरीला कंपनीत नोकरीला आले, इथेच राहिले, आणि मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर आईचं गावाशी नातं उरलं ते चिंचेपुरतं. मामाच्या बांधावर मोठी झाडं आहेत. उन्हाळा लागायच्या सुमारास मामा ट्रॅव्हल्सच्या गाडीत चिंचेचं पोतं टाकून पाठवायचा आणि मग आमच्या बोळात गल्लीतल्या बायका रोज दुपारी चिंचा फोडत बसायच्या. टरफलं एकीकडे, शिरा एकीकडे, आणि चिंचोके पोरांचे. आम्ही ते शहाबादी फरशीवर घासून एका बाजूनं पांढरे करायचो, पटावर दान टाकायला. नाहीतर मूठभर चिंचोके फरशीवर फेकायचे, दोघांच्या मधून बोटानं रेघ ओढायची आणि एकानं दुसऱ्याला टिचकी मारायची. नेम लागला तर चिंचोका आपला. तिसऱ्याला धक्का लागला तर डाव गेला. भाऊ माझ्याहून बराच लहान, तरी माझे सगळे चिंचोके जिंकून न्यायचा.

हाच खेळ त्यानं मोबाइलवर आणला. त्या वर्षी गाड्यांना उठाव नव्हता आणि कंपन्या मधूनमधून ब्लॉक क्लोजर घ्यायच्या, म्हणजे सलग काही दिवस कारखाना बंद. अशा एका सुट्टीत तो लॅपटॉप घेऊन निगडीला माझ्या घरी आला. पडद्यावर काही करडे गोल पडले होते.

"ताई, ह्यांना चिंचोके करून दे," तो म्हणाला.

मी आईकडून खरे चिंचोके आणले, एकेकाचा फोटो काढला आणि त्यावरून चित्रं केली. चिंचोके तपकिरी दिसतात खरे, पण नीट पाहिलं तर कुणी लालसर, कुणी जवळजवळ काळा, आणि प्रत्येकाची कड वेगळी. लेबलं करताना मला असं निरखून बघायला कधी मिळालं नव्हतं. आवाज आईनं दिला. ती मुठीनं चिंचोके फरशीवर टाकायची आणि भाऊ तो आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा. गल्लीतल्या रिक्षांचे हॉर्न मध्ये यायचे, की पुन्हा टाकायचे. आई कंटाळली नाही. "तुमचं झालं की सांगा, मला भाकऱ्या टाकायच्यात," एवढंच म्हणत राहिली.

नाव ठरवायला बसलो तेव्हा त्यानं इंग्रजी नावांची यादी केली होती. मी म्हटलं, "आपण ह्याला काय म्हणतो?"

"चिंचोका."

"मग तेच."

इंग्रजीत लिहिताना शेवटच्या 'का'ला 'के' घालायचा की 'सी', हेही आम्ही बोललो नाही. 'के'च घालतात आपल्याकडे.

गेम ॲप स्टोअरवर आला आणि बरेच महिने काहीच झालं नाही. ओळखीच्यांनी घेतला, दोन दिवस खेळले, सोडून दिला. मग एक दिवस भावानं मला नकाशा दाखवला. गेम कुठे खेळला जातोय ते त्यावर ठिपक्यांनी दिसतं. पुण्यात दोन-चार ठिपके होते आणि मेक्सिकोत गर्दी होती. का, ते आम्हाला कळेना. तिकडच्या प्रतिक्रिया स्पॅनिशमध्ये. भाषांतर करून वाचलं तेव्हा उलगडलं. तिकडे चिंच घरोघरी खातात. चिंचेच्या गोळ्या, चिंचेचं सरबत, सगळं असतं. चिंचोके त्यांनी चित्र बघताच ओळखले होते. आणि नावसुद्धा त्यांना स्वतःच्याच भाषेतलं वाटत होतं. एकानं विचारलं होतं, तुम्ही कोणत्या गावचे?

भावानं ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि स्वतःशीच हसला. तो इतका खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढे ते ठिपके वाढत गेले. शेजारच्या देशांत गेले, स्पेनमध्ये गेले. दिवसभर साच्यांची ड्रॉइंग्ज आणि उरलेल्या वेळात गेम, असं काही दिवस चाललं. मग गेममधल्या जाहिरातींचे पैसे पगाराच्या आसपास येऊ लागले, तेव्हा त्यानं नोकरी सोडली. भावजय मोशीच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. तिनं हो म्हटलं होतं. "दोन वर्षं बघू, नाही जमलं तर पुन्हा नोकरी," असं तिचं सरळ म्हणणं. आईला ते पटलं नाही.

"काय करायलास बाबा? लागलेली नोकरी कोण सोडतं?"

"आई, चिंचोक्यावरच चाललंय घर."

"चिंचोक्यावर," आई म्हणाली. वडील आयुष्यभर एकाच गेटातून आत गेले आणि बाहेर आले होते. तिला तेच माहीत होतं.

मग एका सकाळी मी कारखान्यात असताना त्याचा फोन आला.

"ताई, गेम काढून टाकलाय."

"कुणी?"

"स्टोअरनं. मेक्सिकोत, स्पेनमध्ये, सगळ्या युरोपात. तक्रार आलीय म्हणे."

तक्रार स्पेनमधल्या एका कंपनीची होती. त्यांचा पत्त्यांचा एक मोबाइल गेम होता. त्याचं नाव आमच्या नावासारखंच, फक्त आमच्या 'के'च्या जागी त्यांचा 'सी'. हे नाव त्यांनी आमच्या बरंच आधी युरोपात आणि मेक्सिकोत ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं होतं. त्यांचं म्हणणं, लोक फसतात. त्यांचा गेम शोधायला येतात आणि आमचा घेतात. भाऊ आधी हसण्यावारी नेत होता. "पत्ते आणि चिंचोके ह्यात कोण फसेल?" पण स्टोअरला त्यात पडायचं नव्हतं. त्यांनी लिहिलं, तुमचं तुम्ही मिटवा, मिटेपर्यंत गेम बंद.

आम्ही शिवाजीनगरला एका वकीलबाईंकडे गेलो. माझ्या कारखान्याच्या मालकांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. वयानं माझ्याएवढ्याच, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आधी भावाला गेम उघडून दाखवायला सांगितला. एक डाव खेळल्या, हरल्या, फोन परत दिला.

"ट्रेडमार्क ज्या देशात घेतला त्या देशापुरता असतो," त्या म्हणाल्या. "युरोपात त्यांचा आहे. तिथे भांडण्यात अर्थ नाही. मेक्सिकोतही त्यांचाच. बाकीच्या देशांत त्यांनी घेतला नसेल तर तुम्ही घेऊ शकता, पण प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळा वकील."

"पण तो आपला शब्द आहे," भाऊ म्हणाला. "त्यांच्या भाषेत त्याला काही अर्थच नाही. मी शोधलंय. त्यांनी नुसता कानाला बरा वाटला म्हणून बनवलाय."

"म्हणूनच तो त्यांना मिळाला. ज्या शब्दाला अर्थ नाही त्यावर हक्क लवकर मिळतो. तुम्ही भारतात अर्ज केला होतात ना?"

केला होता. नोकरी सोडली तेव्हाच, स्वतःच ऑनलाइन भरून. त्यावर हरकत आली होती आणि तिचं काय करायचं हे न कळल्यामुळे ती तशीच पडून होती. वकीलबाईंनी ती वाचली. ट्रेडमार्क कार्यालयाचं म्हणणं असं होतं की चिंचोका म्हणजे चिंचेचं बी, गेमही चिंचेच्या बियांचाच, तेव्हा हा शब्द वस्तूचं वर्णन करतो आणि तो एकट्या कुणाला देता येणार नाही.

भावानं तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. "म्हणजे तिथे अर्थ नाही म्हणून त्यांचा, आणि इथे अर्थ आहे म्हणून माझा नाही."

"कायद्यानं असंच आहे," त्या म्हणाल्या.

भारत सोडून बाकी सगळीकडे नाव बदलायचं ठरलं. कुणालाही वाटतं तितकं ते सोपं नसतं. स्पॅनिशमध्ये चिंचेला जो शब्द आहे तो घेतलेला. बी ह्या अर्थाचा घेतलेला. जे सुचेल ते कुणीतरी कुठल्यातरी देशात आधीच नोंदवलेलं. भाऊ दिवसभर वेगवेगळ्या देशांच्या सरकारी साइटवर नावं टाकून बघायचा आणि संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, आज काय काय गेलं ते. शेवटी दोन इंग्रजी शब्द जोडून एक नाव सापडलं, ज्यावर कुणाचा हक्क नव्हता. ते नाव मी इथे लिहीत नाही. मला ते कधी आवडलं नाही. त्याचं कारण एकच, ते कुणालाच नको होतं म्हणून आम्हाला मिळालं होतं.

मी नवं चिन्ह काढून दिलं. रंग बदलले. गेम पुन्हा स्टोअरवर गेला, पण आधीची माणसं परत आली नाहीत. ती जुन्या नावानं शोधत होती आणि त्यांना तो पत्त्यांचा गेम मिळत होता. जे थोडे चुकून आमच्यापर्यंत आले त्यांतल्या एकानं लिहिलं, हा चिंचोकाची नक्कल करून बनवलेला खोटा गेम आहे, कुणी घेऊ नका. भावानं त्याला उत्तर लिहिलं, आम्हीच ते, नाव बदलावं लागलं. त्या माणसानं विश्वास ठेवला नाही. खाली आणखी काही जणांनी त्याचीच री ओढली.

"माझ्याच गेमची चोरी केल्याचा आळ माझ्यावर," भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्या दिवसापासून तो प्रतिक्रिया वाचेनासा झाला.

नकाशावरचे ठिपके विरळ होत गेले. आता आमचं जुनं नाव फक्त भारतात चालू होतं. इथे कुणाची तक्रार नव्हती. भावाचं सगळं मन त्यातच अडकलं. निदान इथे तरी ते राहू दे, असं तो म्हणायचा. इथे फारसं कुणी खेळत नव्हतं, पण त्याबद्दल तो बोलायचा नाही.

दुसऱ्या वर्षी वकीलबाईंचा फोन आला. त्या स्पॅनिश कंपनीनं आता भारतातही अर्ज केला होता. इथल्या कार्यालयाला त्यांचा 'सी'वाला शब्द परदेशी वाटला, म्हणून हरकत निघाली नाही, आणि तो ट्रेडमार्कच्या सरकारी नियतकालिकात छापून आला. आता ज्याला विरोध करायचा त्यानं चार महिन्यांत करायचा, नाहीतर नाव त्यांचं.

आम्ही पुन्हा शिवाजीनगरला गेलो. भाऊ जाताना बसमध्ये उत्साहात होता. त्याला वाटत होतं, हे आपलं मैदान आहे.

"माझा गेम इथे आधीपासून आहे," तो म्हणाला. "मी वापर दाखवतो."

"त्यांचा तुमच्याआधीपासून आहे. इथल्या स्टोअरवरही. कमी लोकांनी घेतला, पण आहे," वकीलबाई म्हणाल्या. "वापरावर गेलात तर हरण्याची शक्यता जास्त. दुसरा रस्ता आहे. आपण दाखवायचं की हा इथला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, इथे पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळतात, त्यामुळे हा शब्द कुणालाच देता येणार नाही. 'सी' लावला काय आणि 'के' लावला काय, उच्चार तोच."

"कुणालाच म्हणजे मलाही नाही."

"तुम्हालाही नाही. तुमचा अर्ज मागे घ्यावा लागेल. एकीकडे सगळ्यांचा म्हणायचं आणि दुसरीकडे माझा म्हणायचं, असं चालणार नाही."

भावानं फाइल उचलली. बाहेर पडल्यावर आम्ही न्यायालयाच्या कोपऱ्यावर चहा घेतला. मी म्हटलं, "बाई बरोबर सांगतायत."

"तुला काय जातंय, ताई? चित्रं काढलीस तू. तुझी नोकरी आहे."

"अरे, त्यांना मिळालं तर ते इथलंही बंद करतील."

"करू देत. पण मी स्वतःच्या हातानं लिहून देऊ, की हे माझं नाही? त्यांनी घेतलं तर ते त्यांनी घेतलं. हे म्हणजे मीच सोडलं असं होईल."

"तो शब्द तुझा नव्हताच रे कधी. आईचा आहे, मामाचा आहे, सगळ्यांचा आहे."

"शब्द नसेल," तो म्हणाला. "पण त्या शब्दाला मेक्सिकोपर्यंत कुणी नेलं?"

मी चहाचे पैसे दिले. परत येताना आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. पुढचे काही आठवडे आमचं बोलणं भावजयीच्या मार्फत होत होतं.

तिनंच त्याला समजावलं असावं. काय बोलली ते मला माहीत नाही. एक दिवस तिचा फोन आला. "ताई, ते तयार झालेत. माझ्या आईची साक्ष घ्यायची म्हणतायत. तुम्ही याल का सोबत?"

वकीलबाईंना प्रतिज्ञापत्रं हवी होती. वेगवेगळ्या भागांतल्या जुन्या माणसांनी लिहून द्यायचं की हा शब्द आणि हा खेळ आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आमची आई लातूरकडची झाली, आता इथलं कुणीतरी हवं. भावजयीचं माहेर मोशीतलं, पूर्वीपासूनचं शेतकऱ्यांचं घर. आता त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना बाराबारा मजली इमारती आहेत आणि दुपारी अंगणात सावली असते ती त्या इमारतींचीच.

तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"चिंचोकं? खेळायचो की. आमच्या मळ्यात चिंच हुती, लई मोठी. सगळ्या पोरी तिथंच पडीक. आमी त्याला चिंचोक्यानंच खेळनं म्हनायचो, दुसरं काय म्हननार?"

"तेवढंच लिहायचंय, मावशी," मी म्हटलं. "आणि खाली सही."

सही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्या उठून आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा बसल्या.

"सही न्हाई देनार मी."

"आई, हे जमिनीचं नाहीये," भावजय म्हणाली.

"व्हय. मागं बी जमिनीचं न्हाई म्हनूनच घेतली हुती पयली सही. रस्त्याचं हाय म्हनले हुते. तुज्या वडलांनी दिली, मी दिली. मग त्यो मळा गेला."

"पण इथे तुमचं काही जात नाही, मावशी," भाऊ म्हणाला. "माझं जातंय."

जावई म्हणून त्यांचा त्याच्यावर जीव होता. "तुमी काय बी मागा, मी देईन. सही मागू नगा. माजा हातच चालत न्हाई."

भाऊ म्हणाला, "राहू द्या मग." आणि ते अगदी मनापासून म्हणाला. परत येताना नदीच्या पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून कठड्याला टेकून उभा राहिला. मी आणि भावजय आत बसून होतो. ती म्हणाली, "आईचा राग नका धरू." मी म्हटलं, "राग कसला." मला उलट वाटत होतं की आमच्यापैकी त्या एकट्याच पूर्ण शुद्धीवर होत्या. पण हे तिला सांगता आलं नाही.

शेवटी आईची सही झाली, गल्लीतल्या दोन जुन्या शेजारणींची झाली, आणि भावाची. सगळ्यांत महत्त्वाचं प्रतिज्ञापत्र त्याचंच होतं, कारण तो गेम बनवणारा. पिंपरीत नोटरीकडे मी त्याच्यासोबत गेले. टपरीवजा जागा, आत पंखा, बाहेर झेरॉक्सवाला. मसुदा इंग्रजीत होता. त्यात एक वाक्य होतं की ह्या शब्दावर माझा किंवा अन्य कुणाचाही एकट्याचा हक्क नाही आणि असू शकत नाही. त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग वकीलबाईंना फोन लावला.

"मॅडम, ह्याच्यावर सही केली की पुढे कधीच माझं म्हणता येणार नाही ना?"

पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. "बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. सही करताना त्यानं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत लिहायचा तसं सावकाश. नोटरीनं शिक्के मारले, अंगठ्याचा ठसा घेतला आणि पुढच्याला हाक मारली.

आम्ही विरोध दाखल केला. त्या कंपनीनं इथे वकील नेमून उत्तर द्यायचं होतं. मुदत उलटली, तरी उत्तर आलं नाही. त्यांच्या दृष्टीनं भारत हा अनेक देशांतला एक देश होता. इथे कुणी आडवं आलं म्हटल्यावर त्यांनी सोडून दिलं असेल. कदाचित तिथल्या कुणी एक ओळ वाचून दुसऱ्या फाइलला हात घातला असेल. एवढी वर्षं आम्ही ज्यांच्याशी भांडत होतो त्यांचा एकही माणूस आम्ही पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. त्यांचा अर्ज बाद झाला. आमचा आम्ही आधीच मागे घेतला होता.

वकीलबाईंनी मला फोन केला. "अभिनंदन. जिंकलात तुम्ही." मी भावाला लगेच कळवलं. तोपर्यंत त्यानं पुन्हा नोकरी धरली होती. चाकणच्या पुढे एक छोटी कंपनी आहे, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवते. तिथे कंत्राटावर, आधीपेक्षा खालच्या पदावर. मध्ये गेलेल्या वर्षांबद्दल मुलाखतीत विचारलं तेव्हा त्यानं स्वतःचा व्यवसाय होता असं सांगितलं. कसला, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

फोन केला तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये होता. मागे कुणाच्या तरी मोबाइलवर भजन चाललं होतं.

"जिंकलो आपण," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "ताई, आवाज तुटतोय, नंतर बोलू."

नंतर त्या विषयावर बोलणं झालं नाही. फोनमधल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की गेमही नवा करून द्यावा लागतो, नाहीतर स्टोअर तो दाखवेनासं होतं. भावानं तो केला नाही. परदेशातला नव्या नावाचा गेम आधी गेला, मग भारतातलं चिंचोका नावही हळूहळू दिसेनासं झालं. ज्या नावासाठी सह्या केल्या, त्या नावाचा गेमच राहिला नाही. आईच्या फोनमध्ये होता, तो फोन बिघडला. नव्या फोनमध्ये तिनं एकदा शोधला. "तुझा तो दिसंना," असं त्याला म्हणाली. "बंद केला आई," तो म्हणाला. तिनं कारण विचारलं नाही. नोकरी पुन्हा लागली म्हणून ती समाधानात आहे, आणि ते समाधान लपवायला तिला जमत नाही. भाऊ ते बघतो. मीही बघते.

त्याचं वाईट चाललेलं नाही आता. वेळेवर जातो, वेळेवर येतो, ओव्हरटाइम असला तर करतो. सणाला माझ्याकडे येतो. पण जेवताना मध्येच थांबतो आणि काय बोलत होतो ते विसरतो. लॅपटॉप त्यानं भावजयीला देऊन टाकला. ती त्यावर पतसंस्थेचं काम करते.

मागच्या हिवाळ्यात मला एक मेल आला. गेमवर संपर्कासाठी माझाही पत्ता दिलेला होता. मेल मेक्सिकोतल्या एका बाईचा होता. तिनं लिहिलं होतं, माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना आधी हा गेम खेळायला आवडायचा, आता सापडत नाही, दुसऱ्या कुठल्या नावानं शोधू? मी तो भावाला पाठवला. त्यानं फोन करून सांगितलं, "तूच कळव काहीतरी."

मी भाषांतराच्या मदतीनं दोन ओळी लिहिल्या. गेम बंद झाला आहे, विचारल्याबद्दल आभार, वडिलांची काळजी घ्या. तिचं उत्तर लगेच आलं. तिला वाईट वाटलं होतं. मग तिनं विचारलं, त्या नावाचा अर्थ काय होता? मी लिहिलं, चिंचेचं बी. तिनं लिहिलं, असं का, आमच्या घरात सगळ्यांना ते एखाद्या लहान मुलीचं लाडाचं नाव वाटायचं.

रविवारी काळेवाडीला गेले तेव्हा हे त्याला सांगितलं. तो दुपारच्या शिफ्टला निघाला होता, दारात बसून बूट घालत होता.

"असं होय," तो म्हणाला. मग त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, डबा उचलला आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते तिकडे चालू लागला.